देवघरातली हवाई छत्री

मी एक जुनी हवाई छत्री आहे. लष्करात मला पॅराशूट म्हणत. पण मित्रांनो, तुम्ही आज मला बघायला आलात तर ओळखणार नाही. गिरगावात ठाकुरद्वाराजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात, देवघराबाहेर उंच बांधलेल्या काठीवर एक पिवळसर रेशमी सोवळं वाळत असतं. त्याच्या टोकाला रफू केलेलं एक गोल भोक आहे. ते सोवळं म्हणजे मी. जेवढी उरले तेवढी.

आधी माझी रचना सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. माणूस उंचावरून मोकळा पडला तर थोड्याच वेळात त्याचा वेग इतका वाढतो की खाली पाणी असलं काय आणि खडक असला काय, परिणाम एकच. मी उघडले की हवा माझ्यात कोंडते, माणसाला मागे ओढते, आणि एखाद्या कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारावी तेवढाच तो वेग उरतो. माझ्या माथ्यावर एक भोक ठेवलेलं होतं. बघणाऱ्याला तो दोष वाटे. पण त्यातून थोडी हवा वर निसटते, म्हणूनच मी झोके न घेता सरळ उतरते. माझ्या पाकळ्या रेशमाच्या तुकड्यांच्या होत्या, आणि ते तुकडे मुद्दाम तिरपे कापून जोडलेले होते, म्हणजे एक फाटला तर फाटणं शिवणीपाशी थांबावं. इतका विचार करून माणसांनी मला बनवलं. त्यासाठी किती रेशीमकिडे उकळले असतील, तेही कधी कधी माझ्या मनात येतं.

महायुद्ध चालू होतं. उत्तरेतल्या एका कारखान्यात मला शिवलं, तपासलं आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवर, आराकानच्या एका धावपट्टीवर पाठवलं. तिथे मला दोन माणसं भेटली. माझं सगळं आयुष्य त्या दोघांत गेलं.

पहिला कुशाबा. तो हवाई दलात साधा शिपाईगडी होता. त्याआधी लालबागच्या एका गिरणीत घडी खात्यात कामाला होता. तयार कापडाच्या घड्या घालायच्या, एवढंच तिथलं काम. इथेही त्याला तेच काम मिळालं, फक्त कापड वेगळं. हवाई छत्रीचं कापड सहसा दगा देत नाही, दोऱ्याही देत नाहीत. दगा देते ती घडी. एक पाकळी दुसरीखाली दुमडली, एखादी दोरी पीळ खाऊन बसली, की वरून पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छत्रीऐवजी चिंधी फडफडते. तिथली हवा दमट, आणि दमट रेशीम चिकटतं. म्हणून ठरावीक दिवसांनी मला पूर्ण उघडून उंच टांगत, वारा देत आणि पुन्हा घडी घालत. कुशाबा त्या वेळी कुणाशी बोलत नसे. तंबाखूही आधी थुंकून यायचा.

दुसरे कमलाकांत. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. घरात पिढ्यानपिढ्या कचेरीत लेखणी चालवणारे, आणि हा एकच मुलगा विमान चालवायला निघालेला. ते हरिकेन जातीचं लढाऊ विमान उडवत. त्या विमानात वैमानिकाच्या आसनाला एक खोलगट जागा असे, त्यात माझं गाठोडं बसे आणि वैमानिक माझ्यावर बसे. मित्रांनो, माझा मान हा असा होता. दोन दोन तास माझ्यावर बसून, घामाने मला भिजवून, कमलाकांत शत्रूच्या पुलांवर आणि होड्यांवर झेप घेत. विमान झेपावलं की त्यांचं वजन हलकं होई, वर उचललं की तेच वजन चौपट होऊन माझ्यावर येई. त्यावरून वर काय चाललंय ते मला डोळ्यांविना कळत असे.

उड्डाणाआधी दोघांचा एक रिवाज होता. कमलाकांत माझ्या गाठोड्यावर थाप मारून विचारत, "काय कुशाबा?"

कुशाबा म्हणे, "घडी पक्की, साहेब. मोडू नका म्हंजे झालं. परत घालायची मलाच असते."

हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की त्यातली गंमत निघून गेली आणि त्याची पूजा झाली. एकदा घाईत ते राहून गेलं, तर कमलाकांतांनी चालू केलेलं इंजिन बंद करून कुशाबाला हाक मारली होती.

मग तो दिवस आला. जमिनीवरून आलेल्या गोळ्यांनी आमचं इंजिन फुटलं. पायाकडून ज्वाळा वर येऊ लागल्या. कमलाकांतांनी वरचं झाकण सरकवलं, विमान उलटं केलं आणि पट्टे सोडले. आम्ही दोघं डबीतून चुना पडावा तसे खाली पडलो. त्यांचा हात मला उघडणाऱ्या कडीवर गेला. पुढच्या क्षणाचं वर्णन मला नीट करता येत नाही. तोवर मी नुसती घडी होते. त्या क्षणी पहिल्यांदा मी छत्री झाले. वर शांत होतं. खाली भाताची खाचरं होती. विमानातून उडालेला एक निखारा माझ्या एका पाकळीवर पडला आणि भोक पाडून गेला. तेवढं चालतं. आम्ही चिखलात उतरलो.

तीन दिवसांनी कमलाकांत मला काखोटीला मारून पायी छावणीत परतले. कुशाबा धावपट्टीच्या कडेला उभा होता. चिखलाने माखलेलं माझं बोचकं बघून तो म्हणाला, "मोडलीतच ना घडी."

कमलाकांतांनी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर त्याला मिठी मारली. म्हणाले, "कुशाबा, हा जीव तुझ्या हातचा आहे. तुझं काहीही काम असो, कधीही ये. ठाकुरद्वारला माझं नाव कुणालाही विचार."

त्या वेळी ते खरंच बोलत होते. मी जवळ होते, म्हणून सांगते.

जळक्या भोकामुळे मी बाद ठरले. आठवण म्हणून मला कमलाकांतांना देऊन टाकलं. गिरगावच्या घरी मी पत्र्याच्या ट्रंकेत गेले, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. त्यानंतरची त्यांची कारकीर्द मी झाकणाखालून ऐकली. वर्तमानपत्रात फोटो आला. इमारतीत पेढे वाटले. स्वातंत्र्य आलं. काश्मीरच्या लढाईत ते टेम्पेस्ट विमानं घेऊन दऱ्यांतून उडाले, छातीवर आणखी एक फीत आली. मग जेट विमानं आली. सुट्टीवर आले की घरातल्यांना ते जेटचा आवाज तोंडाने काढून दाखवत. पुढे एकदा सर्दी असताना वरून फार वेगाने खाली आले. बाहेरच्या हवेचा दाब झपाट्याने वाढला आणि सर्दीमुळे कानाच्या आत हवा शिरायला वाट मिळाली नाही. डाव्या कानाचा पडदा फुटला. डॉक्टरांनी जमिनीवर राहायला सांगितलं. जमिनीवर राहिलेल्या लढाऊ वैमानिकाला काय काम द्यायचं ते कुणाला सुचेना. एक दिवस त्यांना निवृत्त केलं.

असे ते घरी आले. घर थोरल्या भावाचं, शरदचंद्रांचं. शरदचंद्र सॉलिसिटरच्या ऑफिसात होते. घर चालवत त्यांच्या पत्नी, राजलक्ष्मी वहिनी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी मुलगी नलू. पहिले काही महिने काकांच्या गोष्टी ऐकायला खालच्या मजल्यावरचे लोकही येत. नंतर कुणी आलं नाही. कमलाकांत विमान कंपन्यांना अर्ज करत. कान विचारला जाई. विमान सांताक्रुझकडे जाताना आवाज आला की ते गच्चीवर जात आणि उजवा कान वर धरून उभे राहत. न आवडणारं कुणी बोलू लागलं, तर डावा कान त्याच्याकडे करत. घरात हे सगळ्यांना माहीत होतं.

एका दुपारी वहिनींनी ट्रंक उघडली आणि मी त्यांच्या हाती लागले.

"अगो बाई, हे तर रेशीम," त्या म्हणाल्या. "केवढं आहे. दोन सोवळी सहज निघतील."

"नायलॉनही असेल, आई," नलू म्हणाली. "एक धागा जाळून बघ. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. वितळून मणी झाला तर नायलॉन."

वहिनींनी माझ्या कडेचा एक धागा निरांजनावर धरला. मणी झाला नाही. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरडणारी राख उरली. आराकानच्या आकाशात निखाऱ्याने हीच परीक्षा माझी आधी घेतली होती.

"पण आई, हिला सगळीकडे शिवणी आहेत. शिवलेलं कापड सोवळ्याला कुठे चालतं?"

"रेशीम मुळातच शुद्ध असतं गं. शिवणीचं मी बघते. आपल्याच घरातलं आहे."

कमलाकांतांनी मात्र कात्री लावू दिली नाही. "वहिनी, दुसरं काहीही कापा. ही राहू दे." वहिनी पुटपुटल्या, पण ऐकलं. कसर लागू नये म्हणून त्यांनी मला स्वतः सोवळ्याने धुतलं आणि देवघराबाहेरच्या काठीवर वाळत टाकलं. कधी ना कधी भावजी हो म्हणतील असा त्यांचा हिशेब असावा.

१९५६ चा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे राहणार, अशी घोषणा झाली आणि गिरगाव, लालबाग, परळ पेटले. रस्त्यात अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. आमच्या खिडकीतून माणसं पळताना दिसत. ट्राम बंद होत्या. अशा एका संध्याकाळी दारात कुशाबा उभा राहिला. लालबागहून गल्लीबोळांतून चालत आला होता. युद्ध संपल्यावर तो पुन्हा गिरणीच्या घडी खात्यात गेला होता.

"साहेब, वळखलं का?"

"कुशाबा!" कमलाकांतांनी त्याला हाताला धरून आत आणलं.

त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. धाकटा भाऊ आनंदा गिरणीत रजेवरच्यांच्या जागी काम करणारा बदली कामगार होता. सकाळी दूध आणायला गेला होता. शेजारच्या गल्लीत दगडफेक झाली, पोलीस आले, आणि जो हाती लागला त्याला गाडीत घातलं. आनंदाही त्यात गेला, हातात दुधाचं भांडं धरून.

"इन्स्पेक्टर माणूस बरा हाय. म्हणला, कुणी मोठा माणूस आण, तो म्हणू दे ह्याला वळखतो, सोडून देतो. न्हाय आला कुणी तर उद्या दुपारी कोर्टात. मंग तुरुंग, आणि गिरणीतली बदलीबी गेली."

"पण मी आनंदाला कधी पाहिलेलं नाही, कुशाबा."

"त्याला नका वळखू, साहेब. मला वळखता ना? तेवढंच सांगा. हा कुशाबाचा भाऊ, आणि कुशाबाला मी वळखतो. खोटं काय सांगायचं न्हाय."

कमलाकांतांनी मान डोलावली. मग म्हणाले, "सकाळी नऊला चौकीवर येतो. घडी पक्की."

कुशाबा हसला. तेव्हाच त्याची नजर वर काठीवर गेली आणि त्याने मला ओळखलं. विचारलं नाही, सरळ हात वर करून माझी एक पाकळी दोन बोटांत धरली, भोकापाशी आला आणि अंगठ्याने कड चाचपली. "अजून जीव हाय हिच्यात," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "भावजी, ते सोवळ्याचं आहे. आता परत धुवावं लागेल."

मित्रांनो, मी घामात भिजले होते. माणसं माझ्यावर बसली होती. खाचरातला चिखल आणि जळवा माझ्या अंगावर होत्या. यातलं काहीही मला विटाळ ठरलं नव्हतं. माझ्या शिवणीही नियमात बसवून झाल्या होत्या. विटाळ झाला तो ज्या हाताने मला शेकडो वेळा घडी घातली त्या हाताचा. कमलाकांतांनी काही म्हणावं म्हणून मी वाट बघितली. वहिनी त्यांच्या डाव्या बाजूला होत्या. कुशाबाने हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "येतो साहेब. सकाळी."

सकाळी आठ वाजता कमलाकांतांनी हवाई दलाचा जुना निळा कोट घातला. फिती लावल्या. आरशात पाहिलं. ते दाराशी पोचले तेव्हा शरदचंद्र वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कमळ्या, कुठे निघालास ते मला ठाऊक आहे. जा हवं तर. फक्त एवढंच सांगतो, विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या जागेसाठी तुझा अर्ज दिल्लीला पडलाय. पुढच्या महिन्यात मुलाखत. दंगलीतल्या आरोपीला ओळखतो म्हणून चौकीवर तुझं नाव लागलं, तर ते दिल्लीला कळायला किती वेळ?"

"मी फक्त कुशाबाला ओळखतो म्हणणार आहे, दादा."

"तेच म्हणतोय मी."

नलू म्हणाली, "बाबा, काकांनी काल शब्द दिलाय."

"तू अभ्यास कर."

कमलाकांत खुर्चीवर बसले. पाच मिनिटांनी उठतील असं वाटत होतं. पेटलेल्या विमानात हा माणूस किती पटकन ठरवत असे ते मला माहीत होतं. तिथे विचार करायला वेळच नसतो. इथे वेळ होता. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला.

वहिनी मला पुन्हा धुवायला घेऊन निघाल्या होत्या. ओली झालेली मी जड असते. त्या म्हणाल्या, "भावजी, उगीच एवढं धूड दर वेळी धुवायचं. आता तरी कात्री लावू का?"

कमलाकांत माझ्याकडे बघत नव्हते. "लावा," ते म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मी कापली गेले. दोऱ्या कपडे वाळत घालायला गेल्या. माथ्याचं भोक असलेला भाग कामाचा नव्हता म्हणून त्याची पुसणी झाली. तिरप्या शिवणी उसवून, पुन्हा सरळ जोडून, हळदीच्या पाण्यात बुडवून माझी दोन सोवळी झाली. निखाऱ्याचं भोक त्यातल्या एकाच्या टोकाला आलं, ते रफू केलं, आणि त्यातच मी उरले. एकदा कात्री लागलेली हवाई छत्री पुन्हा होत नाही.

आनंदाला चार महिन्यांची शिक्षा झाली. त्याची गिरणीतली जागा गेली. कमलाकांतांना मुलाखतीत पहिला प्रश्न कानाचा विचारला आणि परत पाठवलं. चौकीवर ते गेले असते तरी हेच झालं असतं. नलूने हे एकदा जेवताना बोलून दाखवलं. काकांनी डावा कान तिच्याकडे केला.

मग चार वर्षांनी महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला इमारतीच्या अंगणात मांडव घातला, सत्यनारायण ठेवला. पूजेला शरदचंद्र बसले, मला नेसून. इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी हेमचंद्र यांनी कमलाकांतांना नारळ आणि शाल दिली. भाषणात म्हणाले, "महाराष्ट्राच्या या सुपुत्राने जळत्या विमानातून उडी घेतली. आणि ज्या छत्रीने त्यांचा प्राण वाचवला, तीच आज देवाच्या पूजेला आहे." सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. इतकी स्तुती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

लेझीम खेळायला लालबागचं पथक बोलावलं होतं. खेळ संपल्यावर मुलं घाम पुसत प्रसादाच्या रांगेत उभी राहिली. पथकाबरोबर ताशा सांभाळायला एक वयस्क माणूस आला होता. त्याची पाळी आली. सोवळ्याला शिवू नये म्हणून शरदचंद्रांनी प्रसाद त्याच्या ओंजळीत वरून टाकला. त्या माणसाने खाली पाहिलं, आणि माझ्या टोकाचं रफू केलेलं भोक त्याला दिसलं. तो हलला नाही. मागचा मुलगा म्हणाला, "चला ना मामा."

तेवढ्यात शाल पांघरलेले कमलाकांत पुढे आले. "कुशाबा. अरे, कुशाबाच ना तू? हेमचंद्र, हा बघा, हा तो माणूस, यानेच माझी…"

हेमचंद्रांना फार आनंद झाला. असा पाहुणा त्यांना भाषणाआधी मिळायला हवा होता. त्यांनी त्या माणसाला विचारलं, "काय हो, आपण साहेबांना ओळखता?"

त्याने प्रसाद तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. मग कमलाकांतांकडे, परक्या माणसाकडे बघावं तसं, नीट बघितलं.

"न्हाय बा," तो म्हणाला. "फोटू बघितला आसंल कधी पेपरात."

तो कमलाकांतांच्या उजव्या बाजूला उभा होता, त्यामुळे त्यांना स्पष्ट ऐकू गेलं. त्याने ताशा खांद्याला लावला आणि मुलांना घेऊन फाटकाबाहेर गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आपली काळजी घ्यायला सांगायची असते. मला उन्हात फार वेळ ठेवू नका, कसरीपासून जपा, असं मीही सांगितलं असतं. पण माझी काळजी इथे उत्तम घेतली जाते. मला रोज धुतात, उंच ठेवतात, मला कुणी शिवत नाही. इतकं जपलेलं कापड गिरगावात दुसरं नसेल. म्हणून माझ्यासाठी काही मागत नाही. तुम्ही मोठे व्हाल, उंच जाल, तुमचेही फोटो येतील. तेव्हा ज्याच्या हातच्या घडीवर तुम्ही निर्धास्त बसला होतात, त्याने कधी सकाळी नऊला बोलावलं, तर खुर्चीवर बसू नका. जा.